धामणीच्या धनुष्याला पॉलिश कधी लावायचं?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी सावंतवाडी तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. गेल्या वर्षी वैशाखातल्या वादळात आमच्या परड्यातली एक धामण पडली. तिचा सरळ बुंधा फाडून मामांनी पडवीत रचून ठेवला होता. मामा सुतार आहेत. या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी त्या लाकडाचं धनुष्य करायला घेतलं आणि जूनच्या शेवटी ते तयार झालं. लांबी पाच फूट आठ इंच. सामान मोजायच्या काट्याला अडकवून सव्वीस इंच ओढलं तेव्हा 18 किलो भरलं. मागच्या अंगणात भाताच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर शंभर-दीडशे बाण मारले, काही तक्रार नव्हती. पण नागपंचमीला पुन्हा काढलं तर मऊ लागतंय. काटा साडेपंधरा किलोच दाखवतो. दोरी उतरवली की टोकं सरळ होत नाहीत, दोन बोटं आत वाकलेली राहतात. पॉलिश केलं नाही म्हणून असं झालं असावं. आता लगेच करून टाकतो. पण काय लावू? मामा म्हणतात फ्रेंच पॉलिश. हार्डवेअरवाला म्हणतो मेलामाइन, काचेसारखं चमकेल. शेजारी होडीवाले आहेत, ते म्हणतात उंडेल नाहीतर काजूचं तेल, आमच्या होड्या काय उगाच टिकल्या? वडील म्हणतात घरचं खोबरेल चोळ. धनुष्य खंडेनवमीला शस्त्रपूजेत ठेवायची इच्छा आहे, म्हणून घाई. शिकारीचा प्रश्नच नाही, फक्त छंद.

उत्तर : गुरुजी, आधी हातातला ब्रश खाली ठेवा. डबा उघडला असेल तर झाकण घट्ट लावून फडताळात टाका. श्रावणात तुमच्या भागात उघड्या धनुष्याला काहीही लावू नका, फ्रेंच पॉलिशही नको आणि खोबरेलही नको.

तुम्ही विचारलंय काय लावू. माझ्या मते प्रश्न कधी लावू हा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. 18 किलोचं धनुष्य दीड महिन्यात साडेपंधरा किलोवर आलं आणि टोकं वाकलेली राहायला लागली. हे पॉलिशवाचून बिघडलेलं धनुष्य नव्हे, हे पाणी प्यालेलं धनुष्य आहे. त्यावर एक थेंब पाऊस पडला नसेल, तरी हवेतूनच त्याने पाणी घेतलंय. लाकूड कितीही वर्षं वाळलेलं असो, ते भोवतालच्या हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. हवेची आर्द्रता पन्नास टक्के असेल तर लाकडात वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. आर्द्रता नव्वदला गेली की हेच पाणी वीस टक्क्यांपर्यंत चढतं. सावंतवाडीचा श्रावण म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. डब्यातलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि त्याच घरात खुंटीवर धनुष्य टांगलेलं असतं.

धनुष्याला नऊ-दहा टक्के ओल मानवते. त्याहून फार कोरडं झालं की ते कडक होतं आणि एखाद्या दिवशी फटकन मोडतं. ओलं झालं की मोडत नाही, पण नरम पडतं. पोटाकडचे, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून असलेल्या बाजूचे, तंतू दाबाखाली चेपतात आणि पुन्हा पूर्ण उसळत नाहीत. तुमची ती दोन बोटं तिथून आली. ओलं धनुष्य जितक्या वेळा ओढाल तितका तो वाक पक्का होईल. म्हणून आजपासून त्याला दोरी चढवायचीच नाही, पाहुण्यांना दाखवायलासुद्धा नाही.

आणि या स्थितीत पॉलिश केलं तर? पॉलिश पाणी आत जाऊ देत नाही असं आपण समजतो, पण बाहेरही ते तितकंच अडवतं. शिवाय कुठलंच पॉलिश वाफ पूर्ण थांबवत नाही, फक्त तिची चाल मंद करतं. आज वीस टक्के ओल आत असताना चार हात मारलेत तर ती ओल दिवाळीपर्यंत आतच घुटमळत राहील, आणि तुम्ही मात्र आता पॉलिश झालंय म्हणून निर्धास्तपणे बाण मारत बसाल. मी हे केलेलं आहे. माझं दुसरं की तिसरं धनुष्य आषाढात घाईघाईने रंगवलं होतं. दिसायला इतकं देखणं की पाहुणे हातात घेऊन बघत. मार्गशीर्षापर्यंत त्याचा कोयता झाला.

तेव्हा पहिलं काम वाळवण्याचं. त्यासाठी ओलावा मोजायचं यंत्र नको, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरे. धनुष्य आज काट्यावर ठेवा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहा. समजा 600 ग्रॅम भरलं आणि आत अठरा टक्के ओल आहे. ती दहा टक्क्यांवर यायची तर त्या लाकडातून चाळीसएक ग्रॅम पाणी जायला हवं. म्हणजे अडीच-तीन मोठे चमचे पाणी. दर चार दिवसांनी वजन करा. आकडा उतरत जाईल, मग उतरणं मंदावेल, आणि एक दिवस सलग दोन-तीन वजनं एकसारखी येतील. त्या दिवशी ते भोवतालच्या हवेइतकं वाळलं. अर्थात भोवतालची हवा कोरडी असेल तरच त्या वाळण्याला अर्थ आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात कोरडी हवा आणायची कुठून? चुलीवरचा माळा अजून वापरात असेल तर प्रश्नच मिटला. बियाण्याची कणसं जिथे टांगता, तिथेच एका कडेला, थेट ज्वाळेवर येणार नाही असं आडवं टांगा. थोडं धुरकटेल, काही बिघडत नाही. चूल नसेल तर प्लायची किंवा जाड पुठ्ठ्याची लांबोडी पेटी करा आणि कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला लावतात तसा जुना तारेचा पिवळा बल्ब, चाळीस वॅटचा, तळाशी बसवा. एलईडी नको, त्याची ऊब पडत नाही. खाली दोन आणि वर दोन भोकं पाडा, बल्ब लाकडापासून आणि पेटीच्या भिंतींपासून वीतभर तरी दूर ठेवा, वायरिंग नीट करून घ्या आणि घरात कोणी नसताना बंद करा. एवढ्याशा बल्बने काय होणार असं वाटेल. पण सत्तावीस अंशांची, अठ्ठ्याऐंशी टक्के आर्द्रतेची हवा नुसती सदतीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता पन्नासच्या आसपास येते. पाणी तेवढंच, फक्त तापलेली हवा जास्त पाणी धरू शकते म्हणून ती लाकडाकडे मागायला लागते. आपल्याला हवी होती ती नेमकी हीच हवा. चाळीसच्या वर मात्र नेऊ नका. आणि श्रावणातलं ऊन पडलं म्हणून धनुष्य अंगणात ठेवायचा मोह होईल, तो आवरा. एक बाजू तापते, दुसरी गारच राहते आणि पाठीला, म्हणजे पोटाच्या उलट्या, बाहेरच्या बाजूला, चिरा पडतात.

या पेटीत महिना-दीड महिना जाईल. वजन स्थिरावल्यावर दोरी चढवून पुन्हा काट्याला लावा. ओढ बरीचशी परत येईल, टोकं थोडी सरळ होतील, पूर्ण नाही. वाळताना दोन्ही बाजू सारख्या वागतातच असं नाही, त्यामुळे एक बाजू कडक दिसली तर काचेच्या तुकड्याने पोटाकडून हलकं खरवडून जुळवून घ्या. पाठीला हात लावू नका, तिथला एखादा लांब तंतू कापला गेला की धनुष्य तिथूनच सोलतं. हे सगळं पॉलिशच्या आधीच व्हायला हवं. पॉलिशनंतर खरवडायला बसलं की दोन्ही कामं फुकट जातात.

आता डब्यांकडे येऊ. तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांपैकी एकही खुळचट नाही. जो तो आपल्या धंद्यातला अनुभव सांगतोय, फक्त कोणाच्याच धंद्यात लाकूड वाकत नाही. टेबल वाकत नाही, दार वाकत नाही. धनुष्य पूर्ण ओढलं की त्याच्या पाठीवरचा पृष्ठभाग शंभरात जवळपास एक भाग ताणला जातो आणि पोट तेवढंच चेपतं, तेही दर बाणाला. वर जो थर असेल त्याला हे सगळं लाकडाबरोबर करावं लागतं.

मेलामाइन इथे नापास होतं. ते कडक आणि ठिसूळ आहे. कपाटाच्या दारावर ते वर्षानुवर्षं छान दिसतं, कारण दारावर कोणी बाण चढवत नाही. माझ्या पहिल्या धनुष्याला मी फर्निचरवाल्याकडून हेच मारून आणलं होतं. घरी आल्या आल्या दिमाखात ओढलं आणि टक्, टक्, टक् असे बारीक आवाज आले. पाठीवर केसाएवढ्या आडव्या रेघा उमटल्या होत्या. धनुष्य तुटलं समजून मी हातातून टाकलंच. लाकडाला काही झालं नव्हतं, फक्त थर फुटला होता. पण पुढे कधी खरी चीर पडली असती तर त्या जाळ्यात ती मला दिसलीच नसती. ते धनुष्य नंतर चिकू उतरवायच्या आकडीला लागलं. दोन डब्यांचं मिश्रण करून मारतात तो कडक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि स्प्रेचा लॅकर यांच्याबद्दलही माझं हेच म्हणणं.

उंडेलाचं म्हणाल तर होडीला ते ठीक आहे. होडीला वर्षातून दोनदा तेल पाजतात, ती चिकट राहिली तरी कोणाचं बिघडत नाही. पण उंडीचं तेल काय, खोबरेल काय, ही न सुकणारी तेलं. लाकडात शिरतात आणि तशीच तेल म्हणून राहतात. काचेवर खोबरेलाचा एक थेंब ठेवा आणि शेजारी जवसाच्या तेलाचा. काही आठवड्यांनी जवसाच्या थेंबावर साय धरेल आणि तो रबरासारखा होईल. खोबरेल वर्षाने बघितलंत तरी तेलच असेल, फक्त त्यात धूळ आणि एखादी मुंगी असेल. वडिलांना वाईट वाटणार असेल तर ते खोबरेल बाणाच्या पात्यांना गंज येऊ नये म्हणून लावा, तिथे उत्तम.

काजूच्या टरफलाचं तेल मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि त्या होडीवाल्यांना मी मनातून दाद दिली. ते खरोखर घट्ट होतं, पाणी अडवतं, वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. पण अंगावर उततं, हे कोकणात कोणाला सांगायला नको. धनुष्याची मूठ तासन् तास हातात धरायची असते. गंमत म्हणजे यावर एका देशाने आयुष्य काढलंय. जपानही आपल्यासारखाच ओल्या हवेचा. तिथले धनुष्यवाले बांबू-लाकडाच्या धनुष्यावर वेत गुंडाळतात आणि उरुशी नावाची राळ चढवतात. आपली लाख किड्याची, त्यांची झाडाच्या चिकाची. ते झाड काजू, आंबा आणि बिब्ब्याच्याच कुळातलं आहे, म्हणून तीही ओली असताना अंगावर उतते. आणि ती कोरड्या हवेत सुकत नाही, दमट हवेत घट्ट होते! आपल्या श्रावणाला साजेसं एकच पॉलिश जगात आहे, ते जपान्यांकडे आहे, आणि ते चढवायला शिकण्यात उमेदीची वर्षं जातात. तेव्हा राहू दे.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण कोणीतरी बेलतेल सुचवेलच, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. डब्यावर डबल बॉइल्ड लिनसीड असं लिहिलेलं असतं. परदेशातले हौशी धनुष्यवाले तेलाच्या फार प्रेमात असतात. लावायला सोपं, लाकडाचा रंग खुलतो, थर फुटायची भीती नाही. कोरड्या मुलखात मीही लावतो. पण नुसतं तेल वाफेला जवळजवळ अडवतच नाही. पाण्याचे थेंब वरून ओघळून जातात म्हणून आपली फसगत होते, हवेतली ओल मात्र दार उघडं असल्यासारखी आत-बाहेर करते. वर कोकणात त्या तेलावर काळी बुरशी धरते. तुमच्यासाठी नाही.

उरले मामा. मामांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं फार मोलाचं आहे. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर किडे जी लाख धरतात, जिचं लाक्षागृह बांधलं होतं, तीच. वाफ अडवण्यात ती पातळ थरातही तेलाच्या कितीतरी पुढे आहे. पातळ हात असले तर धनुष्याबरोबर वाकतेही. तिचं वैर दोनच गोष्टींशी. एक म्हणजे साचलेलं पाणी, ओला पेला ठेवला की टेबलावर पांढरी कडी उमटते ती तिचीच. दुसरं स्पिरिट किंवा अत्तर. घामेजल्या हातांनी आणि पावसाच्या शिंतोड्यांनी वरची लाख लवकर दमते. म्हणून माझा सल्ला असा की आत लाख आणि वर वाकणारं व्हार्निश. मामांनी आतला अर्धा भाग करावा, वरचा तुम्ही.

लाख करायची पद्धत मामांना ठाऊकच असेल, पण धनुष्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, पातळ करा. पंचवीस ग्रॅम चपडा लाख दोनशे मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत. धनुष्याचा सगळा पृष्ठभाग दोन चौरस फुटांच्या आतच भरतो, एवढ्यात सगळे हात होऊन उरेल. दोन, बरणी तीन दिवस न हलवता ठेवा. चपड्यात थोडं मेण असतं, ते खाली गढूळ बसतं आणि वर मधासारखं नितळ पाणी येतं. नितळ तेवढं हलकेच ओतून घ्या. लाकडी खुर्चीला हे मेण चालतं, पण आपल्याला वर व्हार्निश मारायचंय आणि मेणावर ते धरत नाही, काही महिन्यांनी पापुद्रे सुटतात. लाख ताजी करा. सहा महिने पडून राहिलेली बरणी मामा प्रेमाने पुढे करतील, ती घेऊ नका, ती नीट कडक होत नाही.

लाकूड 220 च्या पॉलिश पेपरने, मग 320 ने, तंतूंच्या दिशेने घासा. मलमलीत कापूस बांधून पुरचुंडी करा आणि लाख पुसल्यासारखी लावा, ब्रशने थापू नका. चार पातळ हात द्या, दोन हातांमध्ये तासभर जाऊ द्या. टोकांना आणि दोरीच्या खाचांना दुप्पट हात द्या. लाकडात पाणी बाजूने जितकं शिरतं त्याच्या कितीतरी पट वेगाने आडव्या कापावरून, नळीतून शिरावं तसं शिरतं, आणि बहुतेक जण नेमकी तीच जागा विसरतात, कारण तिथे पुरचुंडी पोचत नाही. कानकोरण्याला कापूस गुंडाळा, पोचेल.

वरच्या थरासाठी तेलाच्या जातीचं मरीन किंवा स्पार व्हार्निश मागा. स्पार म्हणजे डोलकाठी. वाऱ्यात वाकणाऱ्या, उन्हात आणि खाऱ्या पाण्यात उभ्या असणाऱ्या डोलकाठ्यांसाठीच ते घडवलं गेलं. ते मुद्दाम थोडं मऊ ठेवलेलं असतं, म्हणून टेबलावर ओरखडे पडतात आणि धनुष्यावर फुटत नाही. सावंतवाडीत नाही मिळालं तर मालवण-वेंगुर्ल्याला होड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. तेही नसेल तर एकाच डब्यात येणारं, टर्पेंटाइनने पातळ होणारं पॉलियुरेथेन चालेल. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे तीन-चार थोडे दाट, सगळे चिंधीने पुसून. दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस, आणि मध्ये 400 च्या पेपरने नुसता हात फिरवल्यासारखं घासा. जाड एक हात मारून वेळ वाचवू नका, जाड थर आत मऊ राहतो आणि वाकताना सुरकुततो.

व्हार्निशच्या आणि तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या आतून तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. पसरून वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत टाका. शिक्षक आहात, शाळेत मुलांनाही सांगा, ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही पण खरं आहे.

धनुष्यावर काहीही लावण्याआधी एक पट्टी करा. त्याच धामणीची, तीन मिलिमीटर जाड, बोटभर रुंद, हात-दीड हात लांब. तिच्यावर लाख आणि व्हार्निशचे सगळे हात द्या आणि पंधरा दिवस वाळवा. मग फूटभर व्यासाच्या प्लास्टिकच्या बादलीभोवती, व्हार्निशची बाजू बाहेर ठेवून, सावकाश वाकवा. एवढ्या जाडीची पट्टी एवढ्या गोलाईवर गेली की तिचा पृष्ठभाग शंभरात एक भाग ताणला जातो, म्हणजे पूर्ण ओढलेल्या धनुष्याच्या पाठीइतकाच. भिंगातून बघा. आडव्या रेघा नसतील तर तुमचा डबा पास. हार्डवेअरवाल्याशी वाद घालायची गरज नाही, त्याचं मेलामाइन दुसऱ्या पट्टीला मारा आणि तीच बादली दाखवा.

धामणीचं निवडलंत ते मला फार आवडलं. नाव घेतलं की लोकांना साप आठवतो, पण संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही म्हणतात. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना तिचा उपयोग चांगलाच ठाऊक होता. चिवट आहे, लवचीक आहे, कुऱ्हाडीच्या दांड्यांनाही चालते. आणि ओलीचा त्रास काही तुम्हालाच नाही. शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने चिकटवून जी जोडधनुष्यं करत, ती ओल्या हवेत उसवत. हिंदुस्थानात लोखंडी धनुष्यंही घडवली गेली, त्यामागे हे एक मोठं कारण सांगतात. ती शस्त्रागारात पावसाळेच्या पावसाळे पडून राहिली तरी चालत. हाताला मात्र लाकडासारखी लागत नाहीत.

सगळं झाल्यावर, महिनाभराने, मधमाशीचं मेण लोकरीच्या चिंधीवर घेऊन कोमट होईपर्यंत चोळा. 1545 साली इंग्लंडात धनुर्विद्येवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉजर अ‍ॅस्कम यांनीही धनुष्य मेणाच्या लोकरी कापडाने रोज चकाके तोवर घासायला सांगितलंय. रोज नको, वर्षातून दोनदा पुरे, त्यातलं एकदा मृगाच्या आधी. मेण हा नेहमी शेवटचा हात, कारण एकदा मेण लागलं की त्यावर दुसरं काही धरत नाही. ठेवताना दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका. पिशवी सुती असू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो.

राहिली खंडेनवमी. तुमच्या हातात दोन महिने आहेत. त्यातला दीड वाळवण्यात जाईल आणि भाद्रपदाच्या पावसात लाख लावायला बसलात तर ती सुकता सुकता पांढुरकी पडेल. म्हणून पॉलिशचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. पूजेत धनुष्य उघडंच ठेवा, त्याच दिवशी सकाळी पेटीतून काढून, आणि आरती झाली की परत पेटीत. पाणी शिंपडू नका, पंचामृताचा हात लागू देऊ नका. हळद उघड्या लाकडात शिरली की पॉलिश पेपरनेही निघत नाही, तेव्हा हळदकुंकू मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांवर नको, मुठीवर वाहा. तिथे पुढे चामडं गुंडाळायचंच आहे, ते रंग त्याच्याखाली राहिले तर राहू देत.